लिंबाजीचं राहिलेलं गंध

मी सहाण. हो, दगडच आहे. दगड बोलतो म्हणून तोंडाला पदर लावून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सुरू झाले की मध्ये बोललेलं मला खपत नाही.

चंदनाचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. चंदन कसं झिजतं, कसा सुवास देतं. पण ते झिजतं कुणाच्या अंगावर, हे कुणी विचारलं का? माझ्या पोटात आज चूळभर पाणी मावेल एवढी खोलगट जागा झालीय. ती काही जन्मतः नव्हती. चंदनाची खोडं किती आली नि किती संपली. मी आहे.

मी मूळची गंगाखेडची. गोदावरीच्या पात्रातला काळा दगड. एका पाथरवटानं मला उचललं, छिन्नीनं गोल केलं, खाली तीन बुटके पाय ठेवले आणि गंध निथळायला एका बाजूला चोच काढली. मग जत्रेत मांडून ठेवलं. बायका यायच्या, उचलून बघायच्या, जड आहे म्हणून खाली ठेवायच्या.

मग धुरपदाबाई आली. चाळिशीची, उंच, काटक. नवरा नुकताच गेलेला, कपाळ मोकळं. तिनं मला उचलून बघितलं नाही. कमंडलूतलं पाणी सरळ माझ्यावर ओतलं.

"पाणी पितो का रं ह्यो दगड?"

"न्हाई माय, थेंबभर पीत न्हाई," पाथरवट म्हणाला.

"तू नको सांगू. त्यो सांगंल."

आणि ती तिथंच बसून भाकरी खायला लागली. निवांत. भाकर संपल्यावर वाकून बघितलं. पाणी होतं तेवढंच होतं. मग पदरातला जोंधळा मोजून दिला आणि मला डोक्यावर घेऊन निघाली. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवणारी नाही. आपलं जमणार.

तिचं गाव जिंतूर तालुक्यात, बोरीच्या अलीकडं. गावात विठ्ठलाचं लहानसं देऊळ. नवरा गेल्यावर घरात बसून रडायचं तिला जमेना, म्हणून तिनं देवाचं गंध उगाळायचं काम आपणहून अंगावर घेतलं. गुरव कुरकुरला. "जिच्या कपाळी कुंकू न्हाई तिच्या हातचं गंध देवाला कसं चालंल?"

"देवाला इचारून ये," ती म्हणाली. "मी तवर उगाळीत बसते."

गुरव विचारायला गेला तो काही उत्तर घेऊन आला नाही. तिचं उगाळणं सुरूच राहिलं.

तिला अक्षर येत नव्हतं. पण भजनं तिच्या पोटात कणगीतल्या दाण्यासारखी भरलेली. गंधाचं मापही भजनानंच व्हायचं. खोड माझ्यावर टेकलं की तिचा आवाज निघायचा. भजन संपलं की खोड थांबायचं. रोजच्या वाटीला चार भजनं, एकादशीला जास्त. कधी घाईत तिनं एखादं कडवं गाळलं तर गंध पातळ व्हायचं, आणि गंध पातळ झालं की ती स्वतःलाच शिव्या द्यायची. गंध उगाळायचं तिनं, कपाळी लावायचं मात्र गड्यांनी. तशी रीतच होती. सप्त्यात कीर्तनाला बसलेल्या माणसांच्या रांगेतून वाटी फिरायची ती विणेकरी लिंबाजीच्या हातात.

हा लिंबाजी शेजारच्या आळीचा. वयानं तिच्या पोरासारखा. तिला काकू म्हणायचा. गंध दाट झालं की म्हणायचा, "काकू, आज देवाचा डोळा लागंल बगा, एवढं थंड झालंय." ती म्हणायची, "देवाचा लागू दे. तुझा लागू देऊ नको. मागल्या कीर्तनाला घोरत हुतास."

अशी बरीच वर्षं गेली. मग ते रझाकारांच्या धामधुमीचं साल आलं. लोक रातोरात गाव सोडायला लागले. सप्ता बंद झाला. एके संध्याकाळी लिंबाजी आणि धुरपदाबाईनं देवाची पितळी मूर्ती, वीणा, टाळ आणि मला घोंगडीत बांधलं आणि गावाबाहेर लिंबाजीच्या खळ्यातल्या पेवात उतरवलं. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. आत उतरायला माणूसभर दोर लागतो. वरून भुसा टाकला, दगड ठेवला, माती लोटली.

माती लोटता लोटता लिंबाजी म्हणाला, "काकू, देव भाईर आला की पयलं गंध माजं हं. ह्या बारीला गड्याच्या हातचं न्हाई लावून घ्यायचो. तुमीच लावायचं."

"मी कशी लावीन रं? बाईमाणूस."

"लावायचं म्हंजी लावायचं. पेवात उतरताना न्हाई आठवलं बाईमाणूस?"

ती हसली. "बरं. पयलं तुजं."

हे बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

तो पावसाळा मी अंधारात काढला. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, वर ढोल वाजले तेव्हा मातीतून आवाज आला. मला वर काढलं तेव्हा दोर धुरपदाबाईच्या हातात होता, पण दुसरं टोक धरायला लिंबाजी नव्हता. देव बाहेर यायच्या आधीच तो तापानं गेला होता. त्याचा एकुलता एक मुलगा व्यंकटराव तेव्हा परभणीला शिकायला होता.

त्या दिवशी तिनं गंध उगाळलं. गडी आले, वाटी घेऊन गेले, सगळ्यांच्या कपाळी लागलं. ती बोट माझ्या कडेवर ठेवून बराच वेळ बसून राहिली.

पुढं गावात काय काय आलं. कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली. शाळा आली. व्यंकटराव शिकून परत आला, गावाचा कारभार बघायला लागला. माणूस वाईट नव्हता. कामाचा होता. देवळाला शहाबादी फरशी त्यानंच बसवली, पत्रे टाकले. फक्त त्याला सगळं झटपट पाहिजे असायचं. एकदा परभणीहून तो अष्टगंधाचे पुडे घेऊन आला. पाण्यात कालवलं की गंध तयार. चार भजनांचं काम चार चुळांत.

तोवर धुरपदाबाई नव्वदीला टेकली होती. नेमकं वय कुणाला माहीत नाही. मोठ्या दुष्काळात आपण कमरेएवढ्या होतो एवढंच ती सांगायची. आणि तिला विसर पडायला लागला होता. जेवली तरी जेवले नाही म्हणायची. मुलगा आप्पाराव साठीचा, त्याला धाकटा भाऊ समजून "बैलं सोडली का रं?" असं विचारायची. तिचा भाऊ जाऊन एक पिढी झाली होती.

मग गावानं तिचा सत्कार केला. लुगडं दिलं, नारळ दिला, हार घातला. व्यंकटराव म्हणाला, "आजी, तुमी देवाची लय सेवा केली. आता आराम करा. घरी बसून हरी हरी करा." सगळ्यांनी मान डोलावली. आप्पारावच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

माणसांची ही चूक मी पुष्कळ पाहिली. ज्याला हाताला काम आहे, मुखात भजन आहे, सकाळी कुणीतरी वाट बघणारं आहे, त्याच्याकडून हे सगळं आदरानं काढून घ्यायचं. आणि मग म्हणायचं, हरी हरी करा. कशानं करायचं?

सत्कारानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळी उठून निघाली. देवळात आली नाही. शोधाशोध झाली तेव्हा लिंबाजीच्या पडक्या खळ्यात सापडली. पेवाच्या तोंडावर ओणवी, दोन्ही हातांनी माती उकरत होती.

"माय! काय करायलीस?" आप्पाराव ओरडला.

"देव आत हाय. दोर आण."

आप्पारावनं धावत जाऊन तिला मागं ओढलं. आणखी हातभर सरकली असती तर आत गेली असती. त्यानं तिला पाठीवर घेऊन घरी आणलं आणि त्या दिवसापासून तिच्या खोलीला बाहेरून कडी लागली. त्याला दोष देऊ नका. आपल्या आईला खड्ड्याच्या तोंडावर पाहिलेला माणूस आणखी काय करणार?

पुढचं मला दैवशालेच्या तोंडून कळलं. दैवशाला म्हणजे आप्पारावची सून, म्हातारीची नातसून. कडीमागं धुरपदाबाई गप्प झाली. आधी बोलणं गेलं, मग खाणं कमी झालं, मग दिवस की संध्याकाळ हेही कळेना. भिंतीकडं तोंड करून बसायची आणि उजवा हात मांडीवर गोल गोल फिरवायची. घरचे म्हणायचे, भ्रम झालाय.

आणि मी? माझं ऐकायचं धाडस असेल तर ऐका. पुडे आल्यावर मला देवळामागं ठेवलं होतं. भंडाऱ्याच्या स्वयंपाकाला आलेल्या आचाऱ्यानं माझ्यावर लसूण ठेचला. लसूण! वर म्हणतो, "लय झकास दगड हाय." देवाच्या कपाळाचं गंध ज्या पोटात पाझरलं त्या पोटात मिरची. दोन पावसाळी झडींनी धुतलं तरी वास गेला नाही.

दैवशालेला मुलगा झाला आणि माझे दिवस फिरले. तान्ह्याला गुटी उगाळून द्यायला सहाण पाहिजे. घरातली तडकली होती. ती मला न्यायला आली. आचारी म्हणाला, "ए बाई, चटणीचा दगड कुठं न्यायलीस?"

"चटणी तुज्या टाळक्यावर वाट," दैवशाला म्हणाली. घरात नातसून आणताना म्हातारीनं निवड चांगली केली होती.

तिनं मला राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, उन्हात ठेवलं. मग सकाळी म्हातारीच्या खोलीत हळकुंड आणि वेखंड घेऊन माझ्यासमोर बसली. मूल रडायला लागलं. ती उठली आणि घाईत मला म्हातारीच्या पुढ्यात सरकवलं. देवघरात पडून असलेला चंदनाचा एक तुकडा खेळायला म्हणून तिच्या हातात दिला आणि मुलाकडं धावली.

हाताला मी लागले. बोटांनी आधी माझी चोच चाचपली. मग पोटातली खोलगट जागा. मग खोड टेकलं.

काही क्षण नुसताच घासल्याचा आवाज. आणि मग तो दुसरा आवाज. घोगरा, गंजल्यासारखा, पण सुरात. पहिलं कडवं. दुसरं. शब्द एकही हुकला नाही. ज्या बाईला आपण जेवलो की नाही हे सांगता येत नव्हतं ती अख्खं भजन म्हणत होती, आणि संपल्याबरोबर खोड थांबलं.

दैवशाला मूल काखेत घेऊन दारात उभी. आप्पाराव मागं.

म्हातारीनं वर पाहिलं. "वाटी कुठाय? उभी काय ऱ्हायलीस? देव खोळंबलाय की."

आप्पाराव वाटी आणायला पळाला. साठीचा माणूस, लहान पोरासारखा.

दुसऱ्या दिवसापासून कडी गेली. म्हातारीचं उगाळणं ओसरीवर सुरू झालं. शेजारची कडूबाई आवाज ऐकून आली, मग आणखी दोघीचौघी. भजनाचा मेळच जमायला लागला. कुणी टाळ घेऊन यायची, कुणी नुसतीच बसायची. उगाळून झालं की म्हातारी प्रत्येकीच्या कपाळी बोट टेकवायची आणि नाव घ्यायची. नावं मात्र सगळी चुकीची. मेलेल्या माणसांची.

पहिल्या दिवशी कडूबाईला तिनं "ये गं बायनाबाई" अशी हाक मारली. बायनाबाई म्हणजे कडूबाईची सासू. दोघींचं जन्मभर पटलं नव्हतं. कडूबाई म्हणाली, "आजी, मी कडू हाय."

म्हातारीचा चेहरा पडला. खोड हातातच राहिलं. त्या दिवशी पुढं भजन झालं नाही.

दैवशालेनं सगळ्यांना अंगणात गाठलं. "आयका. आजी ज्या नावानं हाक मारील त्या नावाला ओ द्यायची. दुरुस्त करायचं न्हाई. तिला बोलायचं हाय, परीक्षा द्यायची न्हाई."

"आगं पर सासूच्या नावानं?" कडूबाई म्हणाली. "जित्तेपणी मला कधी सुखानं जगू दिलं न्हाई, आता मेल्यावर मीच ती व्हायचं?"

"तुमालाच मान मिळायलाय. सासू झालाव बिनखर्चाच्या."

सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं "बायनाबाई" म्हणताच कडूबाईनं ठसक्यात "ओ" दिली, आणि मी तुम्हांला खरं सांगते, हळूहळू ती त्या ओसरीवर सासूच्या भाषेत बोलायला लागली. सासूच्या खोड्या, सासूचं सुगरणपण. एकदा म्हणाली, "वाईट नव्हती मेली. मीच तोंडाळ."

म्हातारीचा विसर काही गेला नाही. मी दगड आहे, खोटं कशाला सांगू? आप्पाराव अजून भाऊच होता. पण ती जेवायला लागली. सकाळ झाली हे तिला कळायला लागलं, कारण सकाळी माणसं यायची. एकादशी कधी हे न विचारता सांगायची. पेवाकडं पुन्हा गेली नाही. मांडीवर हात फिरवणं थांबलं. हात आता माझ्यावर फिरत होता.

मग सप्ता आला. काल्याच्या कीर्तनाच्या सकाळी ती लुगडं नेसून ओसरीवर उभी. "मला देवळात न्या. गंध करायचंय."

आप्पारावनं वाट अडवली. "माय, तिथं गर्दी असती. बावचळशील. पुन्हा कुठं गेलीस तर?"

"कुठं जाईन? सहाण जिथं आसंल तिथंच मी आसंन."

"मामंजी," दैवशाला हळूच म्हणाली, "मी सहाण घेते. कडूमावशी हात धरतील. तुमी मागं ऱ्हावा. न्हाईतर कडी घाला, पर आता कडी घातली तर आजी परत येणार न्हाई."

आप्पारावनं बाजूला होऊन वाट सोडली. मग स्वतःच मला उचललं.

देवळात नव्या फरशीवर माणूस माणसाला लागून बसलेला. देवापुढं पितळी वाटीत पुड्याचं गंध कालवून तयार. व्यंकटराव पुढं आला, नमस्कार करून म्हणाला, "आजी, गंध तयार हाय. तुमी आरामात बसा. उगं तरास कशाला?"

तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. खाली बसली, मला पुढ्यात घेतलं, पाणी शिंपडलं आणि सुरू केलं. कीर्तनकार उभे होते. पखवाजवाला थांबला होता. व्यंकटराव अवघडून आप्पारावकडं बघायला लागला. कुणीतरी मागून म्हणालं, "उशीर व्हायलाय." पण पहिलं भजन दुसऱ्या कडव्यावर आलं तसं बायकांच्या बाजूनं कडूबाईनं सूर धरला, मग दुसरीनं, मग ओळीच्या ओळी. पखवाजवाल्याचा हात आपोआप पडला.

चौथं भजन संपलं. खोड थांबलं. रीतीप्रमाणे व्यंकटरावनं वाटीसाठी हात पुढं केला, गड्यांच्या रांगेत फिरवायला.

तिनं वाटी दिली नाही. मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तेच रुंद कपाळ, त्याच जाड भुवया.

"लिंबाजी," ती म्हणाली, "वाक जरा. तुजं गंध ऱ्हायलंय. पयलं तुजं म्हणाले हुते ना? देव भाईर आला, आन् तूच कुठं गेलास रं?"

रांगेतले गडी माना वळवून बघायला लागले.

व्यंकटरावला पेवाचं ते बोलणं माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्याला एवढंच कळलं की आपल्या वडलांचं काहीतरी या बाईकडं राहिलेलं आहे. पहिल्यांदा त्यानं मान हलवली, आपण लिंबाजी नाही हे सांगायला. दैवशालेनं बायकांच्या रांगेतून त्याच्याकडं एकच नजर टाकली.

त्यानं टोपी काढली. गुडघे टेकले. कपाळ पुढं केलं.

"ओ, काकू," तो म्हणाला.

तिनं वाटीत बोट बुडवलं. बोट दोन भुवयांच्या मधून वर गेलं, सरळ, एकदाच. मग तिनं वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आता बाकीच्यांना लाव. आन् कीर्तनात घोरू नको."

त्या दिवशी पुड्याचं गंध तसंच राहिलं. संध्याकाळपर्यंत वाटीच्या कडेला सुकून पोपडे धरले.

आता धुरपदाबाई अंथरुणातच उगाळते. हात लवकर दमतो, दैवशाला वरून हात ठेवते. नावं अजून चुकतात, ओ अजून मिळते. व्यंकटराव रोज सकाळी वाटी न्यायला स्वतः येतो आणि दारातून हाक देतो, "काकू, झालं का?" आणि ती म्हणते, "थांब की रं, एक कडवं ऱ्हायलंय."

ती गेल्यावर मी कुणाकडं जाणार, मला चिंता नाही. दैवशालेला तीन भजनं पाठ झाली आहेत, चौथं अर्धं. पण तुम्ही ऐकणारे, तुमच्या घरी भिंतीकडं तोंड करून बसलेलं कुणी असेल, तर त्याला हरी हरी करा म्हणून सोडून देऊ नका. त्याचा हात कशावर फिरायचा, ते शोधून त्याच्या पुढ्यात ठेवा. आणि त्यानं ज्या नावानं हाक मारली त्या नावाला ओ द्या. तुमचं काही झिजत नाही. झिजायला मी आहे.